आगामी लॅपटॉप : अंदाज किती खरे मानावेत?

नवा लॅपटॉप दुकानात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याच्या प्रोसेसरचा वेग, मेमरी, पडदा आणि बॅटरी यांविषयीचे आकडे सर्वत्र फिरू लागतात. ‘आता घ्यावा की थोडे थांबावे’ हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. शिक्षणासाठी वा व्यवसायासाठी लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही मोठी खरेदी असते. त्यामुळे या आकड्यांपैकी कोणते भक्कम आधारावर उभे आहेत आणि कोणते पोकळ, हे ओळखता येणे गरजेचे ठरते.

ट्रॉम्बेचा अनुभव

जाहीर झालेला वेग आणि हाती येणारा वेग यांतील अंतर ट्रॉम्बेच्या संगणकनिर्मितीच्या इतिहासातही दिसते. येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला ‘टीडीसी-१२’ हा १२ बिटांचा संगणक हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९६९ मध्ये तयार केला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ हे त्याचे पूर्ण नाव. त्या काळी यंत्राची रचना ठरविणारे आणि ते घडविणारे भारतीयच होते.

१९९०-९१ मध्ये याच केंद्राने ‘अनुपम’ या समांतर महासंगणकाचे काम हाती घेतले, तेव्हा चित्र बदलले होते. अनेक प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात गणिताची वाटणी करायची, ही ‘अनुपम’मागची कल्पना. त्यासाठी बाजारात मिळणारा इंटेलचा ‘आय-८६०’ हा प्रोसेसर निवडण्यात आला. १९८९ मध्ये जाहीर झालेल्या या प्रोसेसरचा मोठा गाजावाजा झाला होता. ४० मेगाहर्ट्झला सेकंदाला आठ कोटी आकडेमोडी, हा त्याचा कागदावरील कमाल वेग. मात्र प्रोसेसरचे सर्व भाग एकाच वेळी कामाला जुंपले गेले तरच तो गाठता येत असे. सर्वसाधारण प्रोग्रॅममध्ये कंपायलरना ते साधत नसल्याने त्या वेगाचा लहानसा हिस्साच पदरी पडे. प्रोसेसरांची संख्या वाढविली तरी वेग तितक्याच पटीने वाढत नाही, कारण त्यांच्यातील माहितीची देवाणघेवाणही वेळ खाते. म्हणूनच महासंगणकांच्या जगात ‘कमाल वेग’ आणि ‘प्रत्यक्षात टिकणारा वेग’ हे दोन आकडे वेगळे सांगण्याची पद्धत आहे. लॅपटॉपच्या जाहिरातीत मात्र बहुधा पहिलाच आकडा असतो.

कंपन्यांचेही गणित चुकते

बाहेरच्यांचे अंदाज सोडाच, खुद्द निर्मात्यांचे आराखडेही कोलमडल्याची उदाहरणे आहेत. २००० मध्ये पेन्टियम-४ आला, तेव्हा त्याची रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत नेता येईल, अशी भाषा इंटेलकडून होत होती. प्रत्यक्षात वाढती उष्णता आड आली. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला पेन्टियम-४ कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला आणि ही मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. याच सुमारास, मार्च २००३ मध्ये, लॅपटॉपसाठी आलेल्या पेन्टियम-एमने गिगाहर्ट्झ कमी असूनही उत्तम काम करता येते आणि बॅटरीही अधिक टिकते, हे दाखवून दिले.

दुसरे उदाहरण ॲपलचे. जून २००३ मध्ये २ गिगाहर्ट्झचा जी-५ प्रोसेसर असलेला मेज-संगणक सादर करताना, बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्झ गाठू, असे आश्वासन स्टीव्ह जॉब्झ यांनी दिले होते. ते पूर्ण झाले नाही. जी-५ बसविलेल्या ‘पॉवरबुक’ लॅपटॉपच्या वावड्या मात्र दोन वर्षे उठत राहिल्या. तो लॅपटॉप कधीच आला नाही. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलच्या प्रोसेसरकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २००६ मध्ये ‘मॅकबुक प्रो’ आला. जी-५ची वाट पाहत थांबलेल्यांची दोन वर्षे वाया गेली.

अंदाजांची प्रतवारी

सर्वच अंदाज निराधार नसतात. सर्वाधिक भक्कम आधार तांत्रिक मानकांचा. ‘जेडेक’ या संस्थेने डीडीआर-५ मेमरीचे मानक जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केले आणि २०२२ च्या आरंभापासून ती लॅपटॉपमध्ये दिसू लागली. म्हणजेच मानक आले की उत्पादन येणार हे बहुतेक निश्चित असते. पण त्यात वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते.

त्याखालोखाल सरकारी नोंदणी. २०१२ च्या आदेशान्वये भारतात लॅपटॉपसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. एखाद्या मॉडेलचा क्रमांक अशा नोंदीत आढळला, तर ते येथे विकण्याची तयारी सुरू आहे, इतके म्हणता येते. किंमत वा वेग त्यावरून कळत नाही. कंपनीचा स्वतःचा आराखडा तिसऱ्या पायरीवर ठेवावा. चाचणी नमुन्याचे फुटलेले आकडे सर्वांत शेवटी, कारण अशा नमुन्याचा वेग अंतिम नसतो.

आकड्यांतील खाचखळगे

खरा आकडाही दिशाभूल करू शकतो. एनव्हिडियाची ‘आरटीएक्स ४०६०’ ही लॅपटॉपची ग्राफिक्स चिप ३५ ते ११५ वॅट अशा विस्तृत मर्यादेत चालविता येते. त्यामुळे एकाच नावाची चिप असलेल्या दोन लॅपटॉपांच्या कामगिरीत मोठी तफावत पडते. ५१२ गिगाबाइटची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते. निर्माता हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. बॅटरीच्या तासांपेक्षा वॅट-तास पाहावेत : ६० वॅट-तासांची बॅटरी सरासरी १० वॅट खर्चाला सहा तास पुरते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपांसाठी १६ गिगाबाइट मेमरी आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोसेसर अशी किमान अट घातली. हा दुसरा आकडाही कमाल वेगाचाच आहे. आपण वापरत असलेले सॉफ्टवेअर त्या प्रोसेसरकडून काम करून घेते का, हे आधी पाहिले पाहिजे.

थांबावे की घ्यावे?

नवे मॉडेल अधिकृतपणे जाहीर झाले असेल आणि विक्रीची तारीख काही आठवड्यांवर असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. एरवी केवळ अंदाजावर विसंबून निकडीची खरेदी पुढे ढकलणे श्रेयस्कर नाही. थांबल्याने किंमत उतरेलच, असेही नाही : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपच्या किमती चढल्या. अनेक पातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पट्टीवरच जोडलेली असते आणि नंतर वाढविता येत नाही. ती घेतानाच पुरेशी घ्यावी. निवड करताना तासभर सलग काम दिल्यावर वेग किती टिकतो, हे मोजणाऱ्या स्वतंत्र चाचण्या पाहाव्यात. अशी चाचणी दुकानात आलेल्या यंत्राचीच होऊ शकते. येऊ घातलेल्या यंत्राची नव्हे.