रॉकेलपासून गॅसपर्यंत: गिर्यारोहकांच्या स्टोव्हची कथा

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास सिद्ध केलेला प्रायमस स्टोव्ह विसाव्या शतकात पुण्याच्या वाड्यांतून आणि चाळींतून असा काही रुजला, की पहाटेचा चहा त्याच्या घरघरीवाचून होईना. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा बर्नरला अडकवावयाचा, बर्नर पुरता तापला की पंप मारावयाचा आणि ज्योत पिवळी होऊन फुरफुरू लागली की बारीक पिनेने छिद्र मोकळे करावयाचे, हा सारा हुन्नर पेठांतील गृहिणींना तोंडपाठ असे. हिमालयाच्या मोहिमांनाही दीर्घकाळ याच हुन्नराची गरज पडली, हे मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानी गेले असेल.

२९ मे १९५३ च्या पहाटे, सुमारे ८,५०० मीटर उंचीवरील तंबूत, एडमंड हिलरी यांचे गोठून दगड झालेले बूट प्रायमसच्याच ज्वाळेवर धरून मऊ करावे लागले, व त्यानंतरच ते आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या अखेरच्या चढणीस लागले.

तथापि तेथे स्टोव्हचे खरे काम पाणी करणे हे होय. एक ग्रॅम बर्फ नुसते वितळण्यास ८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. त्यातच बेसकॅम्पच्या उंचीवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळत असल्याने डाळ तासन्‌तास शिजत नाही आणि प्रेशर कुकर हा चैनीचा जिन्नस न राहता इंधनाच्या बेगमीचाच भाग होतो. पातेल्यात कोरडे बर्फ भरून ज्योत मोठी करणाऱ्या नवख्याच्या भांड्याचे बूड करपते, हे आणखी निराळे. तळाशी घोटभर पाणी आधी असावे लागते.

रॉकेलच्या स्टोव्हची खोड अशी, की पंपातील चामडी वॉशर थंडीने आखडला की दाब धरत नाही, आणि त्यास लावावयाचे आपले खोबरेल तर पुण्याच्या हिवाळ्यातच थिजते. गॅसच्या डब्यांना पंप नको, काकडा नको. परंतु ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायुरूप होण्याचे नाकारतो. म्हणून त्यात उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप राहणारा प्रोपेन मिसळतात, आणि उंचीवर हवेचा दाब घटल्यामुळे ब्यूटेनचाही उत्कलनबिंदू खाली सरकतो. शिखर थंडीने जे हिरावून घेते त्यातील थोडे विरळ हवेने परत देते, हा निसर्गाचा हिशेब मला मोठा गमतीचा वाटतो.

१९८२ साली पुण्यात स्थापन झालेल्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टवर यशस्वी मोहीम नेली, तोवर वरच्या छावण्यांतून जगभर गॅसचाच अंमल बसलेला होता. हे डबे प्रवासी विमानातून नेण्यास मनाई असल्याने नेपाळकडील मोहिमांना त्यांची तजवीज काठमांडूच्या बाजारात करावी लागते. खाली, जेथे पुष्कळ माणसांचे जेवण रांधावयाचे असते आणि ओझे याकच्या पाठीवर चढविता येते, तेथे रॉकेलचा मोठा स्टोव्ह स्वस्त व भरवशाचा. वर, जेथे दमलेल्या माणसाची बोटे बधिर असतात, तेथे कळ फिरवताच पेटणारा गॅस. सरसकट एकाचीच थोरवी गाणाऱ्यांचे मत मी तरी ग्राह्य धरणार नाही. आणि दोहोंपैकी कोणताही तंबूत पेटवावयाचा तर दाराची फट उघडी ठेवावी, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.