खणखणीत की बद्द? संगणकातील बिघाडाच्या शोधाचा इतिहास

मूर्तिजापूर हे वऱ्हाडातले जंक्शन. येथून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला नॅरोगेजची शकुंतला गाडी धावत असे. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. त्या जमान्यात रेल्वेत उभ्या गाडीची चाके हातोडीने ठोकून पाहण्याची पद्धत होती. आवाज खणखणीत आला तर चाक धड, बद्द आला तर कुठेतरी तडा! माठ घेताना आपणही टिचकी मारतो ती याचसाठी. वस्तू मोडण्याची वाट न पाहता तिचा दोष आधीच ओळखायचा. संगणकाच्या बाबतीतही पुढे हेच घडले.

1946 मध्ये अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनिॲक संगणकात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये पूर्ण झालेल्या टिफ्रॅकमध्ये सुमारे 2,700 होत्या. एखादी नळी गेली तरी उत्तर चुकू शके. विझलेली नळी शोधता येते, पण हळूहळू दुबळी होणारी कशी ओळखावी? अमेरिकेतील व्हर्लविंड या संगणकावर त्यासाठी चाचणीच्या वेळी विद्युतदाब मुद्दाम कमीजास्त करीत. दुबळी नळी ऐन कामात दगा देण्याऐवजी चाचणीतच उघडी पडे. ही विजेची टिचकीच म्हणायची!

पुढचे पाऊल रिचर्ड हॅमिंग यांचे. सुटीच्या दिवशी त्यांनी लावलेले गणित यंत्र चूक आढळताच सोडून देई. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? याचे उत्तर त्यांनी 1950 मध्ये प्रसिद्ध केले. त्याची कल्पना आपल्याला निकालपत्रकावरून येईल. आडव्या आणि उभ्या बेरजा आधीच लिहून ठेवल्या आहेत. नंतर एक आडवी आणि एक उभी बेरीज जुळेना, तर त्यांच्या छेदावरचा आकडा चुकलेला! हॅमिंग यांची रीत अधिक काटकसरी, तत्त्व मात्र हेच.

आजच्या सर्व्हरची, म्हणजे अनेक संगणकांना अखंड माहिती पुरवणाऱ्या यंत्राची, स्मृती याच तत्त्वावर एका बिटाची चूक आपोआप सुधारते आणि तिची नोंद ठेवते. धोका आहे तो इथेच. काम सुरळीत चालते, म्हणून नोंद कोणी वाचत नाही; आणि एके दिवशी दोन बिट एकदम चुकले की यंत्र थांबते. एखादी चूक विश्वकिरणांमुळेही होते, ती सोडून द्यावी. पण त्याच खाचेतल्या पट्टीवर चुका वाढत असतील, तर यंत्र बंद करून ती पट्टी दुसऱ्या खाचेत बसवावी. चूक पट्टीबरोबर गेली तर दोष पट्टीचा. जुन्या खाचेतच राहिली तर बहुधा खाचेचा किंवा मुख्य फलकाचा. मात्र एका वेळी एकच बदल करावा, आणि तो लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर यंत्र कदाचित चालू होईल. दोष कशात होता, हे मात्र कळणार नाही.