चौघांची नावे

देवळाच्या सभामंडपात भजन रंगात येते तेव्हा पखवाज कोणाचा, टाळ कोणाचे आणि गळा कोणाचा, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. परंतु गाण्यापासून द्रव्य व कीर्ती यांची प्राप्ती होऊ लागली, की हाच हिशेब कित्येक मंडळ्यांचा घात करतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या अथेन्स या विद्यापीठनगरीत चार तरुणांनी हा प्रश्न आरंभीच सोडविला. त्यांच्या ‘आर.ई.एम.’ या रॉक वाद्यवृंदाचा इतिहास म्हणूनच लक्षात घेण्याजोगा आहे.

गिटारवादक पीटर बक हा ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात नोकरीस होता. कलेचा विद्यार्थी मायकेल स्टाइप तेथे गिऱ्हाईक म्हणून येई. तालवादक बिल बेरी व बेस गिटार वाजविणारा माइक मिल्स हे मेकन गावचे शाळासोबती. ५ एप्रिल १९८० रोजी, उपासना बंद होऊन राहत्या खोल्या झालेल्या एका जुन्या चर्चमध्ये, वाढदिवसाच्या मेजवानीत हे चौघे प्रथम एकत्र वाजले. पुढे ती वास्तू पाडण्यात आली. तिचा मनोरा तेवढा राखला गेला.

त्या काळी मोठी रेडिओ केंद्रे धंद्याची खात्री असलेलीच गाणी लावीत. विद्यापीठांतील लहान केंद्रे मात्र विद्यार्थी स्वतःच्या आवडीने चालवीत. त्यांच्या आश्रयाने जे संगीत वाढले, त्यास ‘कॉलेज रॉक’ हे नाव पडले. आर.ई.एम.ची पहिली मुद्रिका १९८१ साली ‘हिब-टोन’ या चिमुकल्या कंपनीने काढली. चौघे गाडीत वाद्ये भरून गावोगाव फिरले. १९८३ साली ‘मर्मर’ हा संग्रह निघाला आणि ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने त्यास वर्षातील सर्वश्रेष्ठ ठरविले.

त्यांचा नियम साधा होता. चाल कोणाचीही असो, शब्द कोणाचेही असोत, स्वतःच्या गाण्याखाली चौघांचीही नावे, तीही वर्णानुक्रमे. त्यामुळे जगाच्या ओळखीचा गायक शेवटी येई. उत्पन्न सारखे वाटले जाई, आणि महत्त्वाच्या गोष्टीस एकाचाही नकार असल्यास ती गोष्ट होत नसे.

१९८८ साली ते ‘वॉर्नर ब्रदर्स’ या बलाढ्य कंपनीकडे गेले, तेव्हा जुन्या श्रोत्यांच्या मनात शंका उद्भवली. परंतु १९९१ साली त्यांना जगभर पोहोचविणारे गाणे मँडोलिनच्या साध्या सुरावर उभे होते. ‘लूझिंग माय रिलिजन’ हे त्याचे नाव. नावावरून ते धर्मत्यागाचे गीत वाटेल. वस्तुतः अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘संयम सुटणे’ असा होतो.

खरी कसोटी १९९५ साली लागली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे चालू कार्यक्रमात मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने बेरी कोसळला. शस्त्रक्रियेने तो वाचला. परंतु १९९७ साली त्याने वृंद सोडण्याची इच्छा दर्शविली. आपल्या जाण्याने वृंद मोडणार असेल तर आपण जाणार नाही, अशी अट मात्र त्याने घातली. उरलेल्यांनी पुढे चालण्याचे वचन दिले आणि १४ वर्षे ते पाळले. तालवादक दुसरे आले, पण गाण्यांखाली नावे आता तीनच राहिली. चौथ्याची जागा कोणास दिली गेली नाही.

२१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी वृंद विसर्जित केला, तोही एकमेकांचे स्नेही राहून. जून २०२४ मध्ये गीतकारांच्या सन्मानाप्रसंगी न्यूयॉर्क येथे ते पुन्हा एकत्र वाजले. त्या दिवशी बेरीही तालावर होता. सन्मान गीतकारांचा होता आणि चौघेही गीतकार होते. कारण प्रथमपासून त्यांनी तसेच लिहून ठेविले होते.