मेंढपाळणीचं चित्र आणि चौकटीबाहेरचं जंगल

परवा एका मित्राने ग्रुपवर एक जुनं रेखाटन टाकलं. अंगावर जाड घोंगडीसारखा झगा घेतलेली एक पोरगी, मान खाली, हात विणकामात, मागे मेंढरांचा कळप. खाली मित्राने लिहिलं होतं, 'किती निवांत आयुष्य होतं ना!'

चित्र फ्रेंच चित्रकार मिले याचं. हा मूळचा नॉर्मंडीतल्या शेतकरी घरातला, तरुणपणी स्वतः शेतात राबलेला. १८४९ साली तो पॅरिस सोडून फॉन्तेनब्लो जंगलाच्या कडेला बार्बिझॉन नावाच्या गावात राहायला गेला आणि १८७५ साली तिथेच वारला. मेंढपाळणीचा विषय त्याने पुन्हा पुन्हा हाताळला: पेन्सिलने, काळ्या खडूने, १८६२ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर आणि शेवटी रंगात. १८६४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या रंगीत चित्राचं भरभरून कौतुक झालं.

गंमत बघा, आदल्याच वर्षी त्याने कुदळीवर रेलून उभा असलेला, थकून गेलेला एक मजूर दाखवला होता. त्यावर टीकाकार तुटून पडले. म्हणजे गरीब माणूस दमलेला दिसला की राग, आणि शांत दिसला की वाहवा! आपल्या ग्रुपवरचा 'निवांत' हा शब्द त्याच माळेतला.

मला विचाराल तर ती पोरगी निवांत नाहीच. राखण करता करता तिचे हात दुसरं काम उरकतायत. आणि कळप उभा आहे उघड्या माळावर. जंगल एवढं जवळ, मग मेंढरं तिकडे का नाहीत? माळावर चारणं जुनंच, पण त्याला आणखी एक बाजू आहे. १८२७ च्या फ्रेंच वनकायद्याने जंगलात मेंढ्या-शेळ्या चारायला बंदी घातली, गावाचा जुना हक्क असला तरी. दक्षिणेकडे आरिएज भागात लोक एवढे चिडले की १८२९ पासून पुढची काही वर्षं गडी माणसं बायकांचा वेश करून वनरक्षकांवर चालून जात. इकडे फॉन्तेनब्लोत मात्र १८६१ साली जंगलाचा एक भाग खास चित्रकारांसाठी राखून ठेवला. चित्रकाराला जंगल मोकळं, मेंढराला बंद.

आता म्हणाल, फ्रान्सचं आपल्याला काय? तर ऐका. १८६७ पासून जवळजवळ वीस वर्षं हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेले तरुण अधिकारी फ्रान्समध्ये नान्सीच्या वनशाळेत शिकायला जात. जंगल सरकारचं, आणि चराई म्हणजे जंगलाचं नुकसान, हा विचार त्या शाळांतला. १८७८ च्या कायद्याने आपल्याकडे 'राखीव जंगल' आलं. गावाची गायरानं जंगलखात्यात घातली म्हणून जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये सरकारला धारेवर धरलं, तेही १८८३ साली.

जंगल राखायलाच नको असं मी म्हणत नाही. बेसुमार चराईने डोंगर बोडके होतात, हे खरंच आहे. पण राखायचं कुणासाठी आणि त्याची किंमत कुणी मोजायची, हे ज्याची मेंढरं आहेत त्याला कुणी विचारलं नाही. ना तिथं, ना इथं.

आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. रस्त्यावर कळप आडवा आला की आपण गाडीतून फोटो काढतो, आणि पुढच्या वळणावर हॉर्न वाजवतो. फोटोत कळप छान दिसतो. तो रात्री कुठे थांबणार, हे फोटोत येत नाही.

तुमच्या गावचं गायरान किती होतं, आज त्यावर काय उभं आहे? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि खाली लिहा. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर तेही बिनधास्त सांगा.