वावडे ठरवायचे कसे?

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले, की कासारवाडीनंतर पिंपरी लागते. एके काळी हे लहानसे खेडे होते. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी औषध-कारखान्याची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी साहाय्य केले आणि १९५५ साली पिंपरीला पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्युमोनियाने किंवा चिघळलेल्या जखमेने हकनाक दगावणारी माणसे त्या औषधाने वाचू लागली.

पण पेनिसिलिनच्या पाठोपाठ एक शब्दही घरोघर आला. तो म्हणजे ॲलर्जी. आपल्या भाषेत वावडे म्हणा. इंजेक्शन देण्याआधी हातावर किंचित टोचून पाहायचे, गांधी उठते का ते बघायचे, ही रीत आपल्या दवाखान्यांतून रुळली. ती भीती खोटी नव्हती. ज्याला खरोखर वावडे आहे, त्याचा प्राण त्या औषधाने जाऊ शकतो. मात्र या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या कागदांवर पेनिसिलिनचे वावडे लिहिलेले असते. पण नीट तपासले, तर त्यांतल्या दहांपैकी नऊजणांना ते औषध सोसते. लहानपणी कधी तरी अंगावर पुरळ उठलेले असते, कुणी तरी शिक्का मारलेला असतो, आणि तो जन्मभर पुसला जात नाही.

आता हाच शिक्का अन्नावर बसू लागला आहे, म्हणून आज हा विषय.

पिंपरी-चिंचवडची १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. कारखाने पुढे सरकत चाकणच्या कांद्याबटाट्याच्या शिवारापर्यंत गेले. समजा, तिथल्या एखाद्या कारखान्यात पाळीपाळीने काम करणारा एक माणूस आहे. आठवडाभर दिवसपाळी, पुढचा आठवडा रात्रपाळी. जेवणाची वेळ नाही, झोपेची नाही. पोट फुगते, कधी जुलाब होतात. कुणी तरी त्याला सांगते, “अरे, रक्त तपासून घे, काय चालतं नि काय नाही ते सगळं कळतं.” तो पदरचे काही हजार मोजतो. हाती रंगीत तक्ता येतो. गहू लाल, दूध लाल, अंडी लाल, शेंगदाणे लाल. पोळी बंद होते, दही बंद होते. घरचे माणूस विचारते, “मग आता डब्यात द्यायचं तरी काय?”

बरं, हा तक्ता काय सांगतो? हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बनवला. १९२१ साली प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसाचा प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते. त्यांच्या रक्तातला पातळ अंश, म्हणजे रक्तद्रव, प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली! वावडे रक्तातून दुसऱ्याला देता येते, म्हणजे रक्तात काही तरी आहे, हे सिद्ध झाले. ते ‘काही तरी’ म्हणजे आयजीई नावाचे प्रतिद्रव्य, हे कळायला १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेन्निख यांनी ते शोधून काढले.

मधल्या काळात सोप्या युक्त्या निघतच होत्या. १९५६ साली रक्तातल्या पांढऱ्या पेशी अन्नाच्या अर्कात ठेवून त्या मरतात का हे पाहण्याची एक पद्धत आली. पुढे तिचा पडताळा घेतला, तेव्हा खरे वावडे कुणाला आहे नि कुणाला नाही, हे तिला ओळखता येत नाही असे आढळले. आमच्या कामगाराला मिळाला तो तक्ता बहुधा आयजीजी नावाच्या वेगळ्या प्रतिद्रव्याचा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की हा पदार्थ तुम्ही खाता आणि शरीराला त्याची ओळख आहे. मधमाश्या पाळणाऱ्यांचेच बघा ना. वारंवार डंख बसून त्यांच्या रक्तात विषाविरुद्धचे हे प्रतिद्रव्य भरपूर असते, तरी त्यांतल्या अनेकांना डंखाचे फारसे काही वाटत नाही. रोज पोळी खाणाऱ्याच्या तक्त्यात गहू लाल दिसला, तर नवल ते काय? म्हणूनच युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली स्पष्ट सांगितले, की अन्नाचे वावडे ठरवण्यासाठी ही तपासणी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडा इथल्या तज्ज्ञांचेही मत तेच आहे.

मग ठरवायचे कसे? १९७६ साली डेन्व्हरचे डॉक्टर चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना संशयित पदार्थ बंद कॅप्सूलमधून दिले. आत काय आहे ते मुलांना कळत नव्हते. ज्यांच्यावर संशय होता, त्यांतले बरेच पदार्थ निर्दोष निघाले. आजही शेवटचा निवाडा हाच आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पदार्थ बंद करायचा, पुन्हा द्यायचा आणि काय होते ते पाहायचे. आयजीईची खरी तपासणीदेखील रोग्याची हकीकत ऐकल्यावाचून अपुरीच असते.

आपली भाषा इथे शहाणी आहे. वावडे असणे वेगळे आणि न मानवणे वेगळे. खाल्ल्याबरोबर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. दुधाने पोट गुडगुडते, ते बहुधा दुधातली साखर पचत नाही म्हणून; त्यासाठी श्वासाची साधी तपासणी आहे. वजन घटते आहे, रक्त कमी आहे, जुलाब थांबत नाहीत, असे असेल तर गव्हाचा सिलिॲक नावाचा विकार डॉक्टर तपासतात. त्यासाठी रक्ताची नेमकी तपासणी आहे, आणि गरज पडली तर आतड्याचा बारीक तुकडाही घेतात. मात्र तपासणीआधीच गहू सोडू नये, नाही तर खरा रोगही लपून बसतो. आणि पोटाच्या तक्रारीमागे जंत, आमांश, आतड्याचा क्षय, थायरॉइड किंवा नुसती रात्रपाळीची ओढाताणही असू शकते. यांतले काहीच त्या रंगीत तक्त्यात सापडत नाही.

सर्वांत मोठे नुकसान होते ते लहान मुलांचे. तक्ता पाहून दूध, अंडी, डाळ तोडली, तर वाढत्या वयातले पोषण खुंटते. म्हणून तक्त्याच्या पैशांत आधी डॉक्टर गाठा. काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, याची महिनाभराची वही घेऊन जा. कामगार विमा असेल तर विमा दवाखाना आहे, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. त्या वहीने डॉक्टरांना जेवढे कळेल, तेवढे लाल रंगाच्या तक्त्याने कळणार नाही.

पेनिसिलिनने आपल्याला दोन्ही गोष्टी शिकवल्या. खऱ्या वावड्याला भ्यावे आणि खोट्या शिक्क्याला भुलू नये. ताटातला घास दूर सारण्याआधी एवढी चौकशी करणे आपल्या हाती आहे.