पिन बसली म्हणजे वीज जुळली असं नाही

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला व्होल्टेज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइट फडफडते, पंखा रेंगाळतो, फ्रिजशेजारच्या स्टॅबिलायझरचा काटा खाली येतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘व्होल्टेज डाऊन आहे.’ शिवारातली डीपी जळाली तर सगळ्या गावाचं वेळापत्रक बदलतं. सॉकेटमधून येणारी वीज रोज सारखीच असेल असा भाबडा विश्वास आपल्याकडे नाही.

तरीही लातूर-नांदेडहून कुणी टोरंटो, डॅलस किंवा दम्मामला निघालं, की मिक्सर बॅगेत भरताना घरात एकच प्रश्न विचारला जातो: ‘तिकडं पिन बसते का?’ पिन बसवणारा अडॅप्टर शे-दोनशे रुपयांत मिळतो आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. खरं तर प्रश्न तीन आहेत: पिनेचा आकार, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी. अडॅप्टर त्यातला फक्त पहिला सोडवतो. उरलेले दोन कुठून आले हे समजून घ्यायचं, तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं. पुरवठा डीसी होता, साधारण ११० व्होल्टचा. त्या काळच्या कार्बनच्या तंतूवाल्या दिव्यांना तेवढंच मानवत होतं. पुढं अमेरिकेत एसीने बाजी मारली, वेस्टिंगहाऊस कंपनीने ६० हर्ट्झ पक्कं केलं. पण घराघरांत दिवे आधीच बसले होते. ते कोण बदलणार? व्होल्टेज शंभर-सव्वाशेच्या आसपासच राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं, तर ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आज तिथं १२० व्होल्ट आहे.

युरोपने वेगळा हिशेब केला. व्होल्टेज दुप्पट केलं तर तेवढ्याच कामासाठी करंट निम्मा लागतो आणि त्याच तारेतलं नुकसान चौथाईवर येतं. म्हणजे तांबं वाचतं. १८९९च्या सुमारास बर्लिनच्या वीज कंपनीने ग्राहकांची उपकरणं बदलण्याचा खर्च स्वतः सोसून २२० व्होल्टकडे मोर्चा वळवला. फ्रिक्वेन्सी जर्मनीच्या एईजी कंपनीने ५० हर्ट्झ धरली आणि युरोपभर तीच रुळली. ब्रिटन आणि त्याच्यामागोमाग भारतही याच गटात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, जूनमध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि नंतरच्या दशकांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत जी वीज पोचली, ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या याच घराण्यातली.

जपानची गंमत तर वेगळीच. टोकियोने १८९५मध्ये जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने त्याच सुमारास अमेरिकन. आजही पूर्व जपानात ५० आणि पश्चिमेत ६० हर्ट्झ आहे; व्होल्टेज मात्र सगळीकडे १००. २०११च्या त्सुनामीनंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेकडून पुरेशी वीज पाठवता आली नाही, कारण फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या केंद्रांची क्षमता तोकडी होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरेदीची किंमत अशी चुकवावी लागली.

आता आपल्या मिक्सरकडे येऊ. १९६०च्या दशकात सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन ब्राऊन मिक्सर होता. पत्नी माधुरी यांच्या स्वयंपाकघरात तो जळाला. इथं व्होल्टेजचा काही दोष नव्हता. ते यंत्र युरोपातल्या हलक्या कामासाठी बनलं होतं. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड यांच्यासाठी नव्हे. माथुरांनी मग जास्त ताकदीच्या मोटरचं स्वतःचं यंत्र बनवलं. तोच सुमीत मिक्सर. पुढं भारतीय कुटुंबं अमेरिकेला जाऊ लागली, तेव्हा सुमीतने तिकडच्यासाठी ११० व्होल्टचा मिक्सर काढला. या गोष्टीतून दोन धडे मिळतात. देश बदलला की वीज बदलते. आणि वीज तीच राहिली तरी यंत्राकडून अपेक्षित काम बदलू शकतं.

समजा, आपला ७५० वॉटचा मिक्सर नुसत्या अडॅप्टरवर अमेरिकेत लावला. त्याच्या मोटरला फ्रिक्वेन्सीची फारशी फिकीर नसते, पण निम्म्या व्होल्टेजवर ती कुंथत फिरते. चटणीऐवजी डाळच हलवत बसते. आपली हजार वॉटची इस्त्री तिथं पावणेतीनशे वॉटच्या आसपास अडकते आणि कोमट राहते. नुसती गैरसोय, एवढंच. उलट दिशेचा प्रवास मात्र धोक्याचा आहे. १२० व्होल्टचा, १५०० वॉटचा अमेरिकन हेअर ड्रायर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो साडेतीन पटींहून जास्त, म्हणजे साडेपाच हजार वॉटच्या घरात वीज ओढू पाहतो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर आग. नांदेडमध्ये हा प्रश्न कल्पनेतला नाही. हजूर साहिबच्या दर्शनाला कॅनडाहूनही भाविक येतात आणि त्यांच्या बॅगांमध्ये १२० व्होल्टच्या वस्तू असू शकतात.

पिनांचीही कहाणी आहे. आपली जाड गोल तीन पिनांची पद्धत मूळची ब्रिटिश, १९३४च्या मानकातली. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती आणि लाखो घरं नव्याने बांधायची होती, म्हणून ब्रिटनने १९४७मध्ये चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला. त्याच्या पोटातच फ्यूज असतो आणि सॉकेटची भोकं झाकणारी झडप अर्थची लांब पिन आत गेल्यावरच उघडते. ज्या वर्षी ब्रिटिश आपल्याकडून गेले, त्याच वर्षी त्यांनी जुन्या गोल पिनांच्या प्लगला पर्याय काढला. आपण मात्र तो जपून ठेवला. पुढं १९८६मध्ये सगळ्या जगासाठी एकच प्लग सुचवला गेला, पण ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका सोडले तर फारसं कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही.

यात फोनचा चार्जर कसा सुटला? त्याच्यावर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. तो आलेल्या एसीचं आधी डीसी करतो, मग ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो. बाहेर किती व्होल्टेज पडतंय यावर सतत नजर ठेवून चालू-बंदचं प्रमाण बदलत राहतो. एक न संपणारा लूपच म्हणा ना. म्हणून आत १०० आलं काय किंवा २३० आलं काय, फोनला हवं तेवढंच मिळतं. लातूरच्या डाऊन व्होल्टेजमध्येही फोन चार्ज होत राहतो, त्याचं कारण हेच.

म्हणून निघण्याआधी प्रत्येक वस्तूच्या पाठीवरची पट्टी वाचा. १००-२४० असेल तर नुसता अडॅप्टर पुरतो. फक्त २३० लिहिलेलं असेल आणि अमेरिका, कॅनडा किंवा जपानला जाणार असाल, तर ती वस्तू घरीच ठेवा. ट्रान्सफॉर्मरचा मार्ग आहे, पण ७५० वॉटच्या मिक्सरला निदान दीड हजार व्हीएचा जड ठोकळा लागेल. त्यापेक्षा तिकडचा मिक्सर बरा. हलके, स्वस्त ‘कन्व्हर्टर’ मिळतात, ते जेमतेम हीटरसारख्या वस्तूंसाठी असतात, इलेक्ट्रॉनिक्ससाठी नव्हे. सौदीत फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ आहे आणि जुन्या इमारतींत १२७ व्होल्टची सॉकेटंही सापडतात, तेव्हा खोलीत शिरल्यावर आधी विचारा. तीन पिनांची वस्तू दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावू नका. अर्थ तुटला की बिघडलेल्या यंत्राचा धातूचा भाग शॉक देऊ शकतो. आणि परत येताना लंडनची तीन हजार वॉटची किटली आणलीत, तर ती घरच्या छोट्या सॉकेटवर नको. तिला तेरा अँपिअर लागतात, तेव्हा गीझरचं मोठं सॉकेटच वापरा.

आई मिक्सर बॅगेत भरते, ते लेकराला तिकडं घरची चव मिळावी म्हणून. त्या मायेला नाही म्हणणं अवघड असतं. अशा वेळी तिला कुकर मागा. त्याला ना व्होल्टेज लागतं, ना पिन.