सोमल आणि कर्करोग

१९३१ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा वेल्समध्यें अंत झाला. ज्या ल्युकेमियानें, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानें, त्यांना नेलें, त्यावर त्या काळीं कोणत्याही देशांत खात्रीचा उपाय नव्हता. दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवें या रोगाच्या संशोधनासाठीं निधि उभा राहिला आणि १९४१ सालीं मुंबईस परळ येथें टाटा रुग्णालयाचीं दारें उघडलीं.

उपायास कोणी हातच घातला नव्हता असें मात्र नाहीं. थॉमस फाउलर या इंग्रज डॉक्टरानें १७८६ सालीं सोमलाचा द्राव प्रसिद्ध केला होता. १८६५ सालीं लिसाउअर या जर्मन डॉक्टरानें तो ल्युकेमियाच्या रुग्णास दिला व कांहीं काळ उतार पडला. सोमल म्हणजे आर्सेनिकचें पांढरें चूर्ण. आपल्या रसवैद्यांसही तें शुद्ध करून वापरणें ठाऊक होतें. परंतु १८८७ सालीं लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनीं दाखविलें कीं, वर्षानुवर्षें सोमल घेणाऱ्यांच्या तळहातांवर खरखरीत घट्टे उठतात आणि त्यांतून त्वचेचा कर्करोग उद्भवतो. औषधच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें! पुढें १९८३ सालीं कलकत्त्याचे डॉ. के. सी. साहा यांना आढळलें कीं, बंगालमधील खेड्यांतील लोक नळविहिरींच्या पाण्यांतून हेंच विष नकळत पीत आहेत. एक लिटर पाण्यांत १० मायक्रोग्राम, म्हणजे ग्रामचा एक लक्षांश, एवढीच आतां त्याची मर्यादा मानली जाते.

इतक्या सूक्ष्म द्रव्यांची मोजदाद साधल्यावर तिनें रोगाचें निदानही होईल, अशी आशा वाटणें स्वाभाविक होतें. आर्सेनिक केंसांत व नखांत सांठतें; केंस महिन्यास सुमारें एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हां तो गेल्या कांहीं महिन्यांची रोजनिशीच होय. कर्करोगाच्या कित्येक रुग्णांच्या रक्तांत तांबें वाढलेलें व जस्त घटलेलें आढळतें, हेंही खरें. पण तांबें गरोदरपणांतही वाढतें, आणि जस्त निकस आहारानेंही घटतें. शरीरांत काय आलें हें केंस सांगतो. गांठ कसली आहे हें तो सांगत नाहीं. तो निवाडा गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच होतो. टाटा रुग्णालयांत डॉ. खानोलकर यांनीं हीच विद्या रुजविली. अहमदपूरच्या रुग्णास त्यासाठीं मुंबई गांठण्याचेंही कारण नाहीं. लातूर व नांदेड दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. सुईच्या भयानें जो केंसांच्या चाचणीवर विसंबतो, त्याच्यासाठीं गांठ थांबून राहत नाहीं.

सोमलाची कथा मात्र येथें संपली नाहीं. १९७० नंतर चीनमधील हार्बिन येथें झांग तिंगदोंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो शिरेंतून टोंचून पाहिला, आणि ल्युकेमियाच्या अनेक जातींपैकीं प्रोमायलोसायटिक नांवाच्या एका अतितीव्र जातीवर तो रामबाण ठरला. त्या जातींत एक विकृत प्रथिन रक्तपेशींची वाढ अर्ध्यावर अडवून धरतें. सोमल नेमकें तेंच मोडून काढतो. अ जीवनसत्त्वापासून बनविलेल्या औषधाच्या जोडीनें आज शेंकडा नव्वदांहून अधिक रुग्ण यांतून वांचतात. अमेरिकेनें २००० सालीं या औषधास मान्यता दिली. मेहेरबाईंच्या निधनास तेव्हां ६९ वर्षें झालीं होतीं.